किराईत आणि बाराची एसटी

दसरा उलटला की माझ्या बाल्कनीतलं किराईत फुलतं. फुलतं म्हणजे काय, तांदळाच्या कणीएवढी पांढरी फुलं आणि त्यात जांभळा ठिपका. जवळून बघितलं तर कुणीतरी जीभ काढून दाखवतंय असं वाटतं. रंगाच्या रिकाम्या बादलीत लावलंय मी ते. सुनेच्या कुंड्यांची रांग कशी नटूनथटून उभी असते, आणि शेवटाला हे, आमंत्रण नसताना लग्नात आलेल्या पाहुण्यासारखं अंग चोरून. या कडूजहर पाहुण्याला कुणी हात लावत नाही. लावला आणि तोच हात चुकून तोंडाशी गेला, तर जेवणं उरकेपर्यंत पाहुणा आठवत राहतो.

हे दिवस मला बरे जात नाहीत. रोह्याला लागून असलेल्या आमच्या वरशाला आता भातापेक्षा इमारती जास्त पिकतात, तरी आमच्या इमारतीमागे दोन तुकडे अजून भाताचे आहेत. सकाळी दव, दहा वाजले की डोकं उठवणारं ऊन. वारा एका अंगानं आला तर कंपन्यांचा आंबूस वास येतो, दुसऱ्या अंगानं आला तर पिकल्या भाताचा. कंपन्यांच्या वासाची मला सवय झाली. भाताच्या वासाची काही झाली नाही. तो आला की मी खिडकी लावून घेते. सून विचारते, आई, उकडत नाही का? मी सांगते, डास येतात.

यंदा मात्र मनवानं पकडलं. मनवा ही माझी नात. कॉलेजात जाते आणि उरलेल्या वेळात मोबाईलवर व्हिडिओ करून जगाला शहाणं करते. हा गुण कुणाकडून आला ते मी सांगत नाही. तर तिचा यंदाचा विषय होता, पणजीचं किराईत. मला खुर्चीत बसवलं, पदर सारखा केला, ती बादली उचलून माझ्या मागे आणून ठेवली आणि म्हणाली, बोल. मी बोलायला बसले की थांबवायला दोन माणसं लागतात. पाऊण तास सांगितलं. माझ्या सासूबाई, म्हणजे माई, किराईत कसं कापायच्या, कसं सुकवायच्या, कुठून कुठून माणसं यायची. शेवटी तिनं सहज विचारलं, एवढे लोक यायचे, मग पणजीनं ते द्यायचं बंद का केलं? मी म्हटलं, वय झालं त्यांचं.

त्या वेळी माईंचं वय पंचावन्न होतं. मी आज चौऱ्याहत्तरची आहे आणि अजून पापड लाटते.

खरी गोष्ट अशी की माझ्या सासरी, गागोद्यात, आजही जुनं कुणी भेटलं तर म्हणतं, माईंच्या किराइतानं पारूचा हात गेला. माईंच्या नव्हे. माझ्या. हे माई सोडल्या तर मी तोवर कुणाला सांगितलेलं नव्हतं. मुलाला नाही, सुनेला नाही, आणि नवऱ्याला तर तो जाईपर्यंत नाही. मनवानं व्हिडिओ थांबवला आणि खूश होऊन पुन्हा पुन्हा बघत बसली, आणि माझाच आवाज मला त्या मोबाईलमधून ऐकू येत राहिला. वय झालं त्यांचं. वय झालं त्यांचं.

मी मूळची पेणची. आमच्या आळीत गणपतीचे कारखाने. बारा महिने शाडूचा ओला वास, आणि दारात सुकत ठेवलेले बिनडोळ्यांचे गणपती. पहिल्या झटक्यात मॅट्रिक झाले होते, आणि ही बातमी मी रस्त्यावरच्या गाढवालासुद्धा ऐकवत असे. लग्न होऊन गागोद्याला गेले ती ट्रंकेत दोन शालू, शाळेतलं शरीरशास्त्राचं पुस्तक आणि तापाच्या गोळ्यांची एक बाटली घेऊन. खेड्यात चाललोय, तिथे लोकांना कुणीतरी शिकवायला नको? नवरा पेणला शाळामास्तर, तिथेच खोली घेऊन राहायचा आणि शनिवारी घरी यायचा. त्यामुळे आठवडाभर शिकवायला मला माईच मिळायच्या. त्यांनी फार सहन केलं.

मागल्या दारी धुण्याचा दगड होता. त्याच्या पलीकडे, साबणाचं पाणी पोचत नाही पण ओल पोचते अशा जागी, किराइताचा वाफा. गुडघ्याएवढी रोपं, मिरचीसारखी पानं, चौकोनी काडी. फुलायला लागलं की माई विळ्यानं कापायच्या, जुड्या बांधायच्या आणि पडवीच्या वाशाला उलट्या टांगायच्या. ऊन लागू द्यायचं नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं होतं, हे गवत कशाला टांगलंय? माई म्हणाल्या, कळेल.

श्रावणात कळलं. मला ताप भरला. माझ्या गोळ्या मी आधीच गावाला वाटून टाकल्या होत्या, कुणाच्या डोकेदुखीला, कुणाच्या पायदुखीला, एक म्हशीलासुद्धा. माईंनी काढा केला, चार वाट्यांचा आटवून एक वाटी, काळसर हिरवा. पहिला घोट घेतला आणि मला लहानपणापासूनचे माझे सगळे गुन्हे आठवले. ते कडू नुसतं जिभेवर राहत नाही, कानामागे जातं. वर गुळाचा खडा देतात, पण गुळाचीसुद्धा तिथे छाती होत नाही. तिसऱ्या दिवशी मी उठून भाताची पेज मागितली, आणि तिला काय चव होती, साध्या मिठाच्या पेजेला! त्या दिवसापासून मी किराइताची भक्त झाले. भक्त झाले ते झाले, चार महिन्यांत पुजारीण होऊन बसले.

पोरांच्या जंतांवर किराईत. पावसाळ्यात रविवारी सकाळी घरातली पोरं ओळीनं बसवायची आणि नाक दाबून पाजायचं. आळीभर भोकाड. खरूज झाली तर त्याच्या पाण्यानं अंघोळ. तापानंतर तोंडाची चव गेली तर घोटभर. पोर दीड-दोन वर्षांचं होऊनही अंगावरचं दूध सोडत नसेल तर आईनं पाला वाटून छातीला लावायचा. ते पोर येतं, तोंड लावतं आणि आईकडे असं बघतं की जगावरचा विश्वास त्याच घडीला उडावा. कावीळ झालेली माणसं डोंगरापलीकडून चालत यायची. माई सगळ्यांना द्यायच्या, पण त्यांचे नियम होते. गरोदर बाईच्या आसपास न्यायचं नाही. तान्ह्या पोराला नाही. आणि तापाला तीन दिवस, चौथ्या दिवशी पेणचा डॉक्टर. कुणी म्हटलं, माई, आणखी दोन दिवस बघू या की, तर त्या म्हणायच्या, कडू आहे म्हणून औषध होत नाही रे बाबा, नाहीतर माझ्या नणंदेला उगाळून दिलं असतं.

लोक हसायचे, मी पण हसायचे. नियम मात्र मी ऐकले नाहीत. काढ्याचं माप तेवढं ऐकलं.

दोन वर्षांत अशी स्थिती आली की लोक माईंना विचारायचे आणि उत्तर मी द्यायचे. माई तांदूळ निवडता निवडता नुसतं वर बघायच्या. मला वाटायचं कौतुकानं बघतायत. बावीस वर्षांच्या बाईला सगळं जग आपल्याकडे कौतुकानंच बघतंय असं वाटतं, हा एक आजारच असतो, आणि त्याच्यावर किराईत चालत नाही.

आता फुरश्याचं सांगायला हवं. आमच्याकडे नागाचं भय कमी, फुरश्याचं जास्त. वीतभर असतं. दगडाखाली, गवताच्या भाऱ्यात, बांधाच्या भेगेत मातीच्या रंगाचं होऊन बसतं. चावलं तर माणूस लगेच पडत नाही, म्हणून लोक फसतात. आणि गावात एक जुनी समजूत होती की साप चावलेल्याला कडू पाला चावायला द्यावा. कडू लागला तर विष चढलेलं नाही, गोड लागला किंवा काहीच लागलं नाही तर चढलं.

माईंना हे करताना मी एकदा पाहिलं होतं. एका गड्याच्या पायाला फुरसं चावलं होतं. माईंनी वाफ्यातला मूठभर पाला ओरबाडून त्याच्या तोंडात कोंबला आणि विचारलं, कडू लागतंय का? तो म्हणाला, लागतंय. माई म्हणाल्या, चावत राहा. पाचव्या दिवशी तो गडी चालत आमच्या अंगणात आला. मी आपल्या डोक्यात नोंद केली की कडू लागलं आणि माणूस वाचला. त्या वेळी मी पुढल्या अंगणात होते. मग त्याला मागल्या दारी नेलं, आणि तिकडे काय चाललं होतं याकडे माझं लक्ष नव्हतं.

त्या वर्षी कापणीच्या तोंडावर माई रोह्याला गेल्या. माझी नणंद रोह्याला दिलेली, तिचं पहिलं बाळंतपण होतं. जाताना किल्ल्या माझ्या हातात दिल्या. किल्ल्या कमरेला लावून मी अशी चालायचे की कोंबड्यासुद्धा वाटेतून बाजूला व्हायच्या. शेतावर दहा माणसं होती. त्यांत पारू. माझ्याच वयाची, माझ्याच वर्षी लग्न होऊन गावात आलेली. काळीसावळी, दात पुढे, आणि हात असा की बघत राहावं. विळा कधी फिरला आणि पेंढी कधी बांधून झाली, कळायचं नाही. मी एकदा हौसेनं विळा घेतला तर म्हणाली, "वयनी, तू आपली छत्री घेऊन बांधावर बस गो. इळा भाताला लावायचा असतो, तू बोटाला लावतेस." असं मला तोंडावर बोलणारी गावात ती एकटीच होती. मला राग यायचा, आणि दुपारी शिदोरी सोडायला मी तिच्याच शेजारी जाऊन बसायचे.

एक दिवस सकाळी दहाच्या सुमाराला ती उजवा हात डाव्या हातात धरून अंगणात आली. मागून तिचा नवरा आणि चार बाया. पेंढी उचलताना खालून डसलं म्हणाली. फुरसं तिनं स्वतः बघितलं होतं. दोन बोटांच्या मध्ये दोन ठिपके, रक्त फारसं नाही. नवरा म्हणाला, खांद्यावर घालून सडकेला नेतो, बाराची एसटी मिळेल. गावातून पेणला तेव्हा दिवसात दोनच गाड्या, सकाळची आणि बाराची.

मी म्हटलं, थांबा.

आजही तो शब्द मला माझ्याच तोंडातून ऐकू येतो. किती छान, ठसठशीत उच्चार होता. मॅट्रिकचा.

मी वाफ्यावर गेले, पाला आणला, पारूच्या तोंडात दिला. ती ओटीच्या कडेला बसलेली, घामानं चिंब. सगळे भोवती उभे. मी समोर, कमरेला किल्ल्या. विचारलं, "कडू लागतंय का?" ती चावत राहिली. माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "लागतंय."

मग मी व्याख्यान दिलं. विष चढलेलं नाही. उलट आता उन्हातून पळत नेलं तर रक्त जोरात फिरेल आणि नसलेलं विष चढेल, असं आमच्या शरीरशास्त्राच्या पुस्तकात आहे. पुस्तकात हालचाल करू नये एवढंच होतं, दवाखान्यात जाऊ नये असं नव्हतं. अर्धं पुस्तकातलं आणि अर्धं माईंचं, दोन अर्धी एकत्र केली की पूर्ण होतं असं मला वाटायचं. नवरा घुटमळला. म्हणाला, वयनी, जातो मी घेऊन, काय बिघडतंय? मी म्हटलं, माईंच्या जागी मी आहे ना?

बारा वाजता सडकेवर एसटीनं भोंगा वाजवला. आम्ही सगळ्यांनी ओटीवर बसून तो ऐकला. वळणावर एकदा वाजला, वडाखाली एकदा वाजला, मग गाडी गेली.

तिसऱ्या प्रहराला हात कोपरापर्यंत सुजला. मी काढा दिला. संध्याकाळी काळानिळा पडला. मी वाटून लेप दिला. मधली रात्र मी लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीला तिला उचलून नेलं तेव्हा तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, आणि ती माझ्या पायरीवर थुंकली त्यात रक्तही होतं आणि हिरवा पालाही.

ती वाचली. पेणच्या दवाखान्यात सुया मिळाल्या, पुढे मोठ्या गावी नेलं. दोन बोटं काढावी लागली आणि मनगट आत वळून तसंच राहिलं. विळा धरणारा हात. बावीस वर्षांची पोर.

माई तिसऱ्या दिवशी आल्या. मागल्या दारी, त्या धुण्याच्या दगडावर मी त्यांना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "अगो, गाडी का नाही जुंपलीस?"

मी म्हटलं, ती म्हणाली ना कडू लागतंय.

माई म्हणाल्या, "मी विचारायचे ते उत्तरासाठी नव्हे गो. मागल्या दारी दुसरा गडी बैल जुंपत असायचा, तोवर भ्यालेल्या माणसाच्या तोंडाला काही काम नको? ओरडत बसला तर बैलसुद्धा बिथरतात."

म्हणजे ही गोष्ट एवढीशी होती. ती परीक्षा नव्हतीच. माईंनी कधी उत्तर ऐकलंच नव्हतं. गडी कडू म्हणाला काय आणि गोड म्हणाला काय, तो बैलगाडीतून एसटीला जाणारच होता. मी पुढल्या अंगणात उभी राहून अर्धं पाहिलं आणि त्याला विद्या समजले.

मग माई उठल्या, पायही न धुता पारूच्या घरी गेल्या. तिच्या दारात वीसपंचवीस माणसं बसली होती. त्यांच्यासमोर माई म्हणाल्या, मीच सुनेला सांगून ठेवलं होतं, पाला द्या आणि वाट बघा. पोरीनं माझं ऐकलं. चूक माझी. मी त्यांच्या मागे चार पावलांवर उभी होते. मी काय केलं? मी पदर नीट केला. घरी येताना त्यांनी मला फक्त एक वाक्य ऐकवलं, "तुला इथे अजून पुष्कळ वर्षं काढायचीत, माझी काढून झालीत." पुन्हा कधी तो विषय नाही. माझ्या नवऱ्यालाही शनिवारी त्यांनी तेच सांगितलं, आणि तो आईला बोलला. फार बोलला. माई निमूट ऐकून घेत होत्या, आणि मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. गप्प बसायला अक्कल लागत नाही, त्यामुळे ते मला पहिल्या झटक्यात जमलं.

लोक यायचे थांबले. एका दिवसात नाही, हळूहळू, जसं विहिरीचं पाणी खाली जातं. त्या वर्षी जुड्या वाशाला टांगलेल्या तशाच राहिल्या आणि त्यांना कोळ्यांनी जाळी धरली. एकदा सकाळी कडेवर तापाचं पोर घेतलेली एक बाई आमच्या दारावरून पुढे गेली. आधी ती आमच्याकडेच आली असती. माई अंगणात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी तिला बघितलं, सूप उचललं आणि आत जाऊन बसल्या. मग त्या कायम आतच बसायला लागल्या.

फक्त दर रविवारी त्या पारूकडे जायच्या. एका हातानं बाईला वेणी घालता येत नाही, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. माई खोबरेल तेलाची वाटी घेऊन जायच्या, तिचे केस विंचरून वेणी घालून यायच्या. अकरा वर्षं, जाईपर्यंत. मी एकदाही बरोबर गेले नाही. त्यानंतर चौथ्या वर्षी मुलाच्या शाळेचं निमित्त काढून मी पेणला बिऱ्हाड हलवलं होतं. पेणहून वरसे. माणूस किती लांब पळू शकतो? माझ्या बाबतीत, रोह्यापर्यंत. किराइताचं बी मात्र प्रत्येक घरी बरोबर आणलं. का आणलं, ते मला सांगता येत नाही. पाला कुणालाही दिला नाही. शेजारणी मागतात, डेंग्यूच्या साथीत तर फारच मागतात. मी सांगते, शोभेचं आहे.

मनवाच्या त्या व्हिडिओनंतर चार दिवस मला अन्न गोड लागेना. पाचव्या दिवशी मी तिला म्हटलं, चल गागोद्याला, तुझा व्हिडिओ अर्धा राहिलाय. ती एका पायावर तयार. रोह्याहून सकाळच्या गाडीनं पेण, पेणहून एसटी. वाटेत दोन्ही बाजूंना कापणी लागलेली. खिडकीतून तो वास येत होता आणि एसटीची खिडकी काही केल्या बंद होईना. कंडक्टर म्हणाला, आजी, ती जाम आहे. मी म्हटलं, असू दे.

पारू अंगणातच होती. पेंढ्या रचलेल्या, त्यांच्या सावलीला पाय पसरून. दात सगळे गेलेले, त्यामुळे आता पुढे काही नाही. उजवा हात मांडीवर, वळलेला, निजलेल्या पाखरासारखा. मला ओळखायला तिला जराही वेळ लागला नाही. म्हणाली, "आलीस काय? मला वाटलं आता वरतीच भेटशील." मनवाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, पोर बरी हाय, तुझ्यावर नाय गेली. तिची सून चहा घेऊन बाहेर आली. मी मनवाला म्हटलं, मोबाईल काढ. मग पारूच्या, तिच्या सुनेच्या आणि त्या मोबाईलच्या समोर मी सगळं बोलले. थांबा मी म्हटलं होतं. एसटी मी घालवली. माई त्या दिवशी रोह्याला होत्या आणि त्यांनी मला काही सांगून ठेवलेलं नव्हतं.

मनवाच्या हातातला मोबाईल हळूहळू खाली गेला. पारूची सून म्हणाली, "म्हंजे माईंचा काय दोष नव्हता? आमच्यात तर अजून माईंनाच बोलतात." मी म्हटलं, नव्हता. आता बोलतील त्यांना सांग. तिनं कपबशी पारूच्या डाव्या हातात दिली.

पारू हसायला लागली. बिनदाताचं, आवाज नसलेलं हसू. "मला म्हायत नाय व्हय? मी तिथंच होते ना. माई रडल्या माझ्यापाशी. म्हणल्या, पोर हाय, गप ऱ्हा. म्हटलं, ऱ्हाते." मग चहाचा घोट घेतला, बशी खाली ठेवली आणि पेंढ्यांकडे बघत म्हणाली, "पण वयनी, तुला एक सांगू? कडूबिडू काय लागलं नव्हतं मला. तोंड सुकलेलं, पाला हाय का माती हाय, तेवढंबी कळत नव्हतं. पण तू अशी टक लावून उभी, किल्ल्या घालून. सगळी माझ्या तोंडाकडं बघतायत. म्हटलं, वयनीला कडू पायजे. म्हटलं, कडू."

इतकी वर्षं मी समजत होते की माझी चूक पाल्याची होती, सापाची होती, अर्ध्या विद्येची होती. या सगळ्या मानाच्या चुका आहेत, शिकलेल्या माणसाला परवडतात. ज्या घरच्या शेतावर दिवसभर वाकायचं त्या घरच्या सुनेनं डोळे वटारून विचारल्यावर बाई दुसरं काय सांगणार होती, हे माझ्या मनाला कधी शिवलंसुद्धा नाही. पारू तोंडावर बोलते म्हणून ती मला घाबरत नाही, असंच मी धरून चालले होते.

मनवा आणि पारूची सून विहिरीकडे गेल्या. आम्ही दोघीच राहिलो. उन्हात पेंढ्या तडतडत होत्या. तिचा हात मांडीवर होता तसाच होता. मी विचारलं, "दुखतो काय गो अजून?"

पारूनं माझ्या तोंडाकडे बघितलं. "नाय," म्हणाली. "आता कसला दुखतोय."

मी वळून बसले, तिच्याकडे पाठ करून. समोर कापलेलं शेत होतं, सडकेपर्यंत नुसती खुंटं. त्याच्याकडे बघत तोच प्रश्न मी पुन्हा विचारला.

मागून पेंढ्या सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "थंडीत. लय दुखतो."